शिनोलीचे दोन बटवे

१

"मॅडम, मी परवा माणूस मारला असता."

शनिवारी सकाळी जुन्नरच्या घरात मेथी निवडत बसलेल्या प्रतिभाताई डुंबऱ्यांच्या कानावर फोनमधून हे वाक्य पडलं आणि मेथीची जुडी तशीच मांडीवर राहिली. बोलणारी झेबा होती. घोडेगावच्या नूर मेडिकलची झेबा, फार्मसी कॉलेजातली त्यांची सगळ्यात लाडकी विद्यार्थिनी. पेपर लिहून झाला तरी ही मुलगी तो पुन्हा पुन्हा वाचत बसायची, शेवटी तिच्या हातातून ओढून घ्यावा लागायचा. तिच्या हातून चूक झाली असेल, यावर प्रतिभाताईंचा विश्वासच बसेना.

"नीट सांग. रडणं नंतर."

झेबानं सांगितलं. शिनोलीच्या अंजनाबाई गुरुवारी घरातच बेशुद्ध पडल्या. त्यांच्या मुलानं त्यांना घोडेगावात दवाखान्यात आणलं. डॉक्टरांनी रक्त तपासलं तर साखर पार तळाला गेलेली. वेळेवर सलाईन लावलं म्हणून बाई वाचल्या. डॉक्टर म्हणाले, साखर कमी करायची गोळी पोटात गेल्याशिवाय असं होत नाही. आता अंजनाबाईंना साखरेचा आजार मुळीच नव्हता, त्यांना नुसतं बीपी. साखर होती त्यांच्या नवऱ्याला, भिमाजींना. आणि दोघांच्याही महिन्याच्या गोळ्या नूर मेडिकलमधून जायच्या, झेबाच्या हातून.

"बाई कशा आहेत आता?"

"काल संध्याकाळी घरी सोडलं. पण मॅडम, मी ठरवलंय. पुण्याच्या एका कंपनीला होकार कळवला. कॉम्प्युटरवर बसायचं काम आहे. सोमवारी हजर व्हायचंय. औषधाच्या गोळीला पुन्हा हात लावणार नाही मी."

प्रतिभाताई कॉलेजातून निवृत्त झाल्यापासून जुन्नर आणि आंबेगाव तालुक्यातल्या मेडिकल दुकानांत जाऊन तिथल्या माणसांना एकच गोष्ट शिकवत होत्या: औषध देताना चूक कशी टाळायची. दुकानदार त्यांना चहा पाजायचे आणि त्यांच्या चष्म्याला घाबरायचे. गेल्याच महिन्यात त्यांनी नूर मेडिकलमध्ये असाच एक वर्ग घेतला होता आणि निघताना झेबाच्या पाठीवर थाप मारून म्हणाल्या होत्या, सगळ्या तालुक्याला तुझं दुकान दाखवायला आणते बघ. तीच मुलगी आता दुकान सोडून चालली होती.

"सोमवार ना? आज शनिवारच आहे. चहा टाकून ठेव, मी येते."

"मॅडम, एक राहिलं." झेबाचा आवाज एकदम खाली आला. "डॉक्टरांनी त्यांच्या घरून औषधाची पाकिटं मागवून तपासली. दोन्ही पाकिटांत औषध अगदी बरोबर आहे."

२

घोडेगावच्या स्टँडवर उतरून प्रतिभाताई दुकानात पोचल्या तेव्हा काउंटरवर मोहसीन एकटाच होता. मोहसीन म्हणजे झेबाचा आतेभाऊ. बोलका, हसरा, गिऱ्हाइकाच्या पोराबाळांची नावं तोंडपाठ असलेला. आज मात्र त्याचं तोंड एवढंसं झालं होतं. आतल्या खोलीत झेबाची आई नूरजहाँ एका खुर्चीवर बसली होती. नवऱ्याच्या माघारी ह्या बाईनं दुकान चालवलं होतं आणि लेकीला शिकवून ह्या काउंटरवर बसवायचं एवढंच स्वप्न पाहिलं होतं. तिच्या शेजारी शिलाई मशीन होतं, त्यावर चादर घातलेली.

"बसा मॅडम," नूरजहाँ म्हणाली. "तुमीच समजवा तिला. बॅग भरून ठिवलीय. माझ्याशी तर बोलत बी न्हाई."

"मशीन बंद का तुमचं?" प्रतिभाताईंनी आपलं बोलणं सुरू करायचं म्हणून विचारलं.

"काम न्हाई आता," एवढंच म्हणून नूरजहाँ चहा आणायला उठली.

झेबा समोर येऊन बसली. डोळे सुजलेले, पण सांगायला लागली ती वर्गातल्यासारखी, मुद्द्याला धरून. महिन्याचं औषध न्यायला या वेळी अंजनाबाईंचा मुलगा भरत आला होता. तिनं चिठ्ठी वाचून स्ट्रिपा काढल्या, मोहसीननं चिठ्ठी पुन्हा मोठ्यानं वाचून त्या ताडून पाहिल्या. एकानं काढायचं, दुसऱ्यानं तपासायचं, हा प्रतिभाताईंचाच नियम. मग दोन स्वच्छ प्लास्टिकची पाकिटं, प्रत्येकावर लेबल: नाव, आजार, गोळी कधी घ्यायची.

"मग तू चुकलीस कुठे?"

"तेच कळत नाही!" झेबा जवळजवळ ओरडलीच. "कुठं चुकले ते कळलं असतं तर पुन्हा बसले असते हो काउंटरवर. कळतच नाही, म्हणजे उद्या पुन्हा चुकेन. आणि दरवेळी दवाखाना जवळ असेलच असं नाही."

ही भीती खरी होती आणि ह्या भीतीवर पाठीवरच्या थापेचा उपयोग नव्हता. तिला कारणच हवं होतं, तेही सोमवारच्या आत.

मोहसीन दुकानात गिऱ्हाइकाला खोकल्याचं औषध देत होता. झेबानं दारातून त्याच्याकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला.

"मॅडम, बातमी कळली त्याच संध्याकाळी मोहसीनभाई शिनोलीला जाऊन आला. कुणाला न सांगता. का गेला होतास विचारलं तर म्हणतो, असंच. मला वाटतं, मी पाकिटात चुकीची गोळी घातली होती आणि त्यानं मला वाचवायला ती जाऊन बदलली."

प्रतिभाताईंनी मोहसीनला आत बोलावलं. "काय रे, गुरुवारी शिनोलीला कशाला गेला होतास?"

"मोसंबी द्यायला," मोहसीन म्हणाला.

"बाई इथं दवाखान्यात, मोसंबी तिकडं शिनोलीत?"

मोहसीनचे कान लाल झाले. त्यानं चहा घेऊन येणाऱ्या नूरजहाँकडे पाहिलं, मान खाली घातली आणि काउंटरकडे निघून गेला.

३

झेबाच्या स्कूटीवर मागे बसून प्रतिभाताई शिनोलीला आल्या. झेबा मात्र फाट्यावरच थांबली. "मला त्या घरात पाऊल टाकवणार नाही," म्हणाली आणि चहाच्या टपरीवर तोंड फिरवून बसली.

घर रस्त्यापासून आत, पुढं पडवी, पडवीत कॉट, कॉटवर अंजनाबाई. अशक्त दिसत होत्या, पण जिभेची धार शाबूत होती.

"या बाई. मला बघाया लई मान्सं येत्यात आता. मरायच्या आधीच सगळ्यांची गाठ पडली."

"तसं बोलू नगंस," भिमाजी म्हणाले आणि तांब्या उचलून घटाघटा पाणी प्यायले. उंच, हाडापेराचा माणूस, पण डोळे ओढलेले. बायकोच्या काळजीनं माणूस निम्मा झाला होता.

भरत दाराला टेकून उभा होता. "दुकानवाल्यांकडून आलाय का?" त्यानं विचारलं.

"मी कुणाकडून नाही आले. झालं कसं ते शोधायला आले," प्रतिभाताई म्हणाल्या. "अंजनाबाई, त्या दिवशी काय झालं?"

"संकष्टी व्हती. उपास. सकाळची गोळी घेतली आन् दुपारच्याला घाम फुटला, हातपाय लटलटाया लागले. पुढचं मला ठावं न्हाई."

"त्याआधी कधी असं झालं होतं?"

"आधीबी दोन-चारदा अंग थरथरलं. पर गूळ-शेंगदाणं खाल्लं की बरं वाटायचं. म्या म्हणलं, भूक लागत आसंल."

प्रतिभाताईंनी मनात नोंद केली. म्हणजे चुकीची गोळी एकदाच गेली नव्हती, रोज जात होती. इतर दिवशी गुळानं तारलं, उपासाच्या दिवशी गूळ नव्हता.

"गोळी तुम्हाला कोण काढून देतं?"

"कोन देनार? माझी म्या घेती. ह्यांची हे घेत्यात."

आतून सून पाण्याचा दुसरा तांब्या घेऊन आली. अक्षदा तिचं नाव, लग्न होऊन थोडेच महिने झालेले. भिमाजींनी तोही तांब्या तोंडाला लावला. अक्षदानं सासऱ्यांकडे पाहिलं, सासूचं पांघरूण सारखं केलं आणि नवऱ्याच्या अंगावरून जाताना मान वर केली नाही. भरतही तिच्याकडे बघत नव्हता. ह्या घरात दोन दिवस कोणीतरी कोणावर तरी संशय घेत होतं, हे सांगायला डिटेक्टिव्ह लागत नव्हता.

भरतनं कपाटातून दोन्ही पाकिटं आणून दिली. "डॉक्टर म्हणले पुन्यांदा सांगस्तवर काय बी घ्यायचं न्हाई, म्हणून उचलून ठिवली." प्रतिभाताईंनी चष्मा पुसून स्ट्रिपा उलटसुलट करून पाहिल्या. अंजना, बीपी: आत बीपीच्याच गोळ्या. भिमाजी, साखर: आत साखरेच्याच गोळ्या. दोन्हींतून सारख्याच गेलेल्या. कुठंही एक कमी नाही, एक जास्त नाही.

"गोळ्या वेगळ्या दिसतात, ते कळलं नाही तुम्हाला?"

"बाई, दर टायमाला कंपनी वेगळी, गोळीचा रंग वेगळा," भिमाजी म्हणाले. "दुकानवाले म्हणत्यात औषध त्येच हाय. आमी गप घेतो."

हेही खरंच होतं. प्रतिभाताईंनी पडवीभर नजर फिरवली. भिंतीवरचं कॅलेंडर, कोपऱ्यात कांद्याच्या पिशव्या, दाराजवळ खुंटीला लटकवलेले दोन छोटे कापडी बटवे, एक गुलाबी फुलाफुलांचा, एक निळ्या चौकड्यांचा. दोन्ही रिकामे.

भिमाजी पाणी प्यायला पुन्हा उठले आणि उठताना त्यांना जरा गरगरलं. त्यांनी भिंतीचा आधार घेतला.

"किती दिवस झाले हो अशी तहान लागते?"

"हिचं हे व्हायच्या आधीपासनं. रातच्याला बी चारदा उठाया लागतंय."

प्रतिभाताईंना स्वतःलाही साखर होती. त्यांच्या पर्समध्ये पावडरचा डबा नसायचा, साखर मोजायचं यंत्र असायचं. त्यांनी भिमाजींचं बोट पुढं घेतलं, टोचलं आणि यंत्राकडे पाहत राहिल्या.

रोजच्या रोज साखरेची गोळी घेणाऱ्या माणसाची साखर आभाळाला टेकली होती.

४

"अक्षदा, जरा माझ्याबरोबर फाट्यापर्यंत चल," प्रतिभाताई म्हणाल्या. अक्षदाचा चेहरा पांढरा पडला, पण ती आली.

गोठ्याच्या मागं गेल्यावर प्रतिभाताई थांबल्या. "तुझ्या सासूबाईंनी सासऱ्यांच्या गोळ्या घेतल्या आणि सासऱ्यांनी सासूबाईंच्या. रोज. म्हणून त्यांची साखर वाढली नि गरगरायला लागलं. पण ज्याच्या त्याच्या पाकिटातून घेऊन असं होत नाही. गोळ्या पाकिटात नव्हत्याच, हो ना?"

अक्षदाला रडू कोसळलं.

"दुकानात बटवे घेतले नाहीत म्हणून यांनी ती प्लास्टिकची पाकिटं आणली. आईंना ती आवडेनात. म्हणाल्या, हातात धरवत नाही, नुसती चुरचुर वाजतात. मला वाईट वाटलं. एवढीशी गोष्ट, म्हणून मी गोळ्या काढून बटव्यांत भरल्या. आईंच्या आईंच्या बटव्यात, बाबांच्या बाबांच्या बटव्यात. लेबल वाचून भरल्या हो ताई, दोनदा वाचून! मी बारावी सायन्स झालीय. डॉक्टरांनी औषध मागितलं तेव्हा हे म्हणाले दुकानाची पाकिटं दे, म्हणून परत तशाच पाकिटांत घातल्या. तेव्हापासून हे माझ्याकडं असं बघतात, जसं काय मीच आईंना..."

प्रतिभाताईंनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. मुलगी खरं बोलत होती, आणि तिथंच गाडं अडत होतं. दुकानात चूक नाही. पाकिटात चूक नाही. घरी बटव्यात भरणाऱ्या पोरीनंही लेबलं वाचून भरलेलं. तिघा-चौघांनी प्रत्येक पायरी नीट केली, आणि शेवटी बाई मरता मरता वाचली.

फाट्यावर झेबा उभी होती. "काही कळलं?" तिनं विचारलं, आणि प्रतिभाताईंचं तोंड बघून पुढं काही विचारलं नाही.

घोडेगावात परतल्यावर प्रतिभाताईंनी मोहसीनला गाठलं आणि सरळ विचारलं, "बटव्यांचं काय प्रकरण आहे?"

मोहसीननं आतल्या खोलीकडं पाहिलं. नूरजहाँ नमाजाला बसलेली होती. मग तो हळूच म्हणाला, "मॅडम, ते बटवे मामी शिवायच्या. नेहमीच्या गिऱ्हाइकाला एकेक. महिन्याला गिऱ्हाईक बटवा घेऊन यायचं, त्यातच आम्ही गोळ्या घालून द्यायचो. तुम्ही वर्ग घेतला तेव्हा म्हणालात ना, कापडी पिशव्या, पुड्या सगळं बंद, लेबलाचं पाकीट फक्त. मग भरतभाऊ बटवे घेऊन आले तर मी गर्दीत म्हणालो, ह्या चिंध्या घरी ठेवा आता. बोललो आणि मला लाज वाटली. मामींचं शिवलेलं ते. म्हणून गुरुवारी माफी मागायला गेलो. बाई दवाखान्यात आहेत हे मला माहीत होतं, मला भरतभाऊंनाच भेटायचं होतं. तेही नव्हते. मोसंबी शेजारी ठेवून आलो. मामींना सांगू नका."

प्रतिभाताईंना वर्गातला तो दिवस आठवला. काउंटरखाली कापडी बटव्यांचा ढीग पाहून त्यांनी तो सगळ्यांसमोर उचलून दाखवला होता आणि म्हटलं होतं, औषध म्हणजे काय लवंगा-वेलदोडे आहेत? सगळे हसले होते. नूरजहाँ तेव्हा आत सगळ्यांसाठी चहा करत होती. हे कोण शिवतं, एवढं विचारायचंही त्यांना सुचलं नव्हतं.

नूरजहाँ उठून आली तशी प्रतिभाताईंनी तिचा हात धरला. "बाई, मी तुमचं मशीन बंद पाडलं. मला माहीत नव्हतं."

"जाऊ द्या हो. चांगल्यासाठीच सांगितलं तुमी."

"बटव्याला कापड कुठून आणायचात?"

"म्या कशाला आणू? गिऱ्हाईकच आणायचं. घरातलं जुनंपानं. आपल्या कापडाचा असला की हरवत न्हाई, दुसऱ्याच्यात मिसळत न्हाई."

प्रतिभाताईंनी चहाचा कप खाली ठेवला. गुलाबी फुलं. निळ्या चौकड्या. त्यांनी उगाच हळू आवाजात विचारलं, "आणि शिनोलीच्या अंजनाबाईंनी कसलं कापड आणलं होतं, आठवतं?"

नूरजहाँला आठवत होतं. ती हसायलाच लागली.

५

रविवारी सकाळी भिमाजींच्या पडवीत माणसं मावेनात. प्रतिभाताई, नूरजहाँ, मोहसीन, घरचे चौघं. झेबाला तर प्रतिभाताईंनी मनगट धरूनच आत आणलं होतं. ती दाराशी उभी राहिली, अंजनाबाईंकडे बघायचीसुद्धा तिची हिंमत होत नव्हती.

"आता सगळ्यांनी ऐका," प्रतिभाताई म्हणाल्या. चाळीस वर्षांची सवय, चार माणसं समोर दिसली की आवाज वर्गातला लागायचा. "झेबानं औषध बरोबर दिलं. मोहसीननं बरोबर तपासलं. मोहसीन इथं आला तो काही बदलायला नाही, त्याचं कारण त्याच्यापाशी राहू दे. भरत, पाकिटं तू आणलीस तशी घरी आली. मग अक्षदानं सासूला बरं वाटावं म्हणून गोळ्या बटव्यांत भरल्या."

भरतनं झटकन बायकोकडं पाहिलं.

"तसं बघू नकोस. ती चुकलेली नाही. अक्षदा, उठ. खुंटीवरचा आईंचा बटवा घे बघू."

अक्षदा उठली आणि तिनं गुलाबी फुलांचा बटवा काढला.

"आता अंजनाबाई, तुम्ही सांगा. तुमचा बटवा कुठला?"

"ह्यो न्हवं, त्यो," अंजनाबाई सहज म्हणाल्या आणि निळ्या चौकड्यांकडं बोट केलं. "फुलांचा ह्यांचा हाय."

अक्षदानं हातातल्या बटव्याकडं पाहिलं, मग सासऱ्यांकडं पाहिलं. "फुलांचा... बाबांचा?"

"कोणीही असतं तरी हेच समजलं असतं," प्रतिभाताई म्हणाल्या. "फुलांचं बाईचं, चौकड्यांचं पुरुषाचं. तू नवी, सकाळच्या वेळी चुलीपाशी. ज्याचा त्याचा बटवा कधी बघितलास? आणि ह्या दोघांनी इतक्या वर्षांत कधी कुणाला सांगायची वेळ आली नाही. ज्यानं त्यानं आपल्या बटव्यात हात घातला आणि दुसऱ्याची गोळी घेतली."

"पर असा उलटा बटवा का म्हणून?" भरतनं विचारलं.

भिमाजी उठायला लागले. "म्या जरा गुरांकडं बघून येतो."

"बसा भाऊ!" नूरजहाँ हसत म्हणाली. "आता सांगू द्या मला. अंजनाबाई पयल्यांदा आली तवा तुमचा फाटका सदरा घिऊन आली. चौकड्यांचा. म्हणली, ह्याचाच शिव, हे दिसभर रानात असत्यात, येवढं तरी माझ्यापाशी राहील. दुसऱ्या बाजाराला भिमाजीभाऊ आले. दुकानात गर्दी हुती तर बाहेरच उभे राहिले. गर्दी हटल्यावर खिशातनं कापड काढलं, गुलाबी फुलांचं, आन् मला म्हणले, हिच्या जुन्या लुगड्याचं हाय. ह्याचा बटवा कर, पर कुणाला बोलू नगंस, मान्सं हसत्यात. म्या आजपातूर बोलले न्हाई."

अंजनाबाईंनी नवऱ्याकडं पाहिलं. "लुगडं उंदरानं खाल्लं म्हणला व्हता तुमी!"

भिमाजींचा रापलेला चेहरा बटव्याइतकाच गुलाबी झाला. मोहसीन हसला, भरत हसला, आणि हसता हसता भरतनं अक्षदाच्या हातातला बटवा घेऊन तिच्या शेजारी बसकण मारली. "चुकलं माझं," तो हळूच म्हणाला. अक्षदानं डोळे पुसले. अंजनाबाईंनी सुनेला कॉटवर ओढून जवळ बसवलं. "माझ्यापायी पोरीनं पाकिटं सोडली, आन् तिलाच बोल लागला. वा रे वा!"

प्रतिभाताई मात्र हसल्या नाहीत. त्या झेबाकडे वळल्या.

"कोण चुकलं ते सांगते. मी. मी दुकानात आले, बटवे उचलून लोकांना हसवलं आणि बंद करायला लावले. ते कोण शिवतं, त्यावरून कोण काय ओळखतं, काही विचारलं नाही. दुकानाच्या काउंटरपर्यंत सगळं शिकवलं. काउंटरच्या पलीकडं माणसं राहतात, त्यांच्या घरात खुंट्या असतात, हे मला शिकवायचं सुचलंच नाही. तू कारण मागितलंस ना? हे कारण. तुझा हात चुकलेला नाही, झेबा."

झेबाचं लक्ष प्रतिभाताईंकडं नव्हतंच. ती पुढं आली, अंजनाबाईंच्या पायाशी जमिनीवर बसली आणि दोन्ही बटवे हातात घेऊन उलटे करून पाहायला लागली, पेपर पुन्हा वाचताना बसायची तशी.

"मीही विचारलं नाही," ती म्हणाली. "भरतभाऊ बटवे परत घेऊन निघाले तेव्हा मी बघत होते. मावशी आता गोळ्या कशात ठेवणार, एवढं विचारलं असतं तरी पुरे होतं." मग तिनं मान वर केली. "मावशी, पाकीट नकोच ना तुम्हाला?"

"त्या चुरचुरीचं तोंड बगायचं न्हाई मला."

"मग बटवाच ठेवू. अम्मी, बाहेरून एक खिसा लावता येईल का, आतलं दिसेल असा? लेबल त्यात घालू, मोठ्या अक्षरात, नाव आणि गोळी. अक्षदालाही वाचता येईल. आणि दरवेळी गोळी घालून देताना मी विचारणार, हा बटवा कोणाचा. तुम्ही सांगायचं, मगच मी गोळ्या घालणार. जो न्यायला येईल त्यानं घरी विचारून यायचं. सगळ्या बटव्यांना असंच करू. किती आहेत गं अम्मी आपले?"

"लई हाईत," नूरजहाँ म्हणाली. ती लगेच बोटांनी खिशाचं माप घ्यायला लागली.

"बटवा कोणाचा हे न विचारता कुणाला सोडायचं नाही," झेबा मोहसीनला म्हणाली. "तूही विचारायचं."

मोहसीननं मुकाट्यानं मान हलवली.

"मग ह्यो आमचा बटवा कवा मिळनार?" अंजनाबाईंनी विचारलं. "डॉक्टर गोळी सुरू कर म्हणला की हाताशी पायजे."

झेबानं भिमाजींच्या कोरड्या ओठांकडं पाहिलं. "अम्मी आज शिवून ठेवेल. काकांची साखर डॉक्टरांना दाखवायलाच हवी. आज रविवारी डॉक्टर नसतात, पण उद्या उशीर नको. तुम्ही उद्या पहिल्या एसटीनं या, सोमवारी. आधी दवाखाना, मग सरळ दुकानात. मी आहे."

नूरजहाँचा हात तोंडाशी गेला. प्रतिभाताईंनी तिच्याकडं पाहिलं आणि डोळ्यांनीच सांगितलं, आता काही बोलू नका. पण आईच ती, तिला राहवलं नाही.

"सोमवारी?"

"हो अम्मी," झेबा बटव्याची शिवण बघता बघता म्हणाली. "सोमवारी बाजार असतो ना. मोहसीनभाईला एकट्याला झेपायचं नाही."